हँडलवरचा हात

कोल्हापुरात सिनेमाचा विषय निघाला की घरी बनवलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट निघतेच. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता, म्हणून बाबूराव पेंटरांनी तो स्वतःच्या हाताने घडवला, अशी ही गोष्ट. ती खरी आहे. परंतु सांगता सांगता तिच्यात एकच माणूस उरतो आणि बाकीचे हात झिजून जातात, हे आमच्या लक्षात राहून गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तीच गोष्ट जरा वेगळ्या बाजूने पाहणार आहोत: कॅमेऱ्याला गती कोण देत होते? गती येथे दोन अर्थांनी घ्यायची आहे. एक कॅमेऱ्याच्या पोटातली, फिल्म पुढे सरकवणारी. आणि दुसरी कॅमेऱ्याची स्वतःची, म्हणजे तो जागचा हलतो ती. इतिहासलेखनात पहिलीचा थोडाफार हिशेब सापडतो. दुसरीचा फारसा कोणी ठेवलेला नाही.

या प्रश्नाकडे आम्ही वळलो ते जोतिबामुळे. आमच्यापैकी काहीजण लोकसाहित्य शिकवतात. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते तेव्हा विद्यार्थी आणि अध्यापक टिपणवही घेऊन जातात, आणि हल्ली वहीबरोबर कॅमेराही असतो. बहुधा एकाच्याच हाती. कारण अभ्यासकाला साहाय्यक परवडत नाही. अशा एकट्या चित्रणकाराने कॅमेरा आपोआप सरकेल, वळेल आणि मान वर करील असे साधन घरच्या घरी कसे जुळवावे, ही चर्चा आमच्यात बरेच दिवस चालू आहे. मोटर कोणती, पट्टा कोणता, खर्च किती, असे तिचे स्वरूप आहे. वरवर पाहता हा साहित्याच्या वर्गातला विषय नव्हे. पण जोतिबाच्या यात्रेत नेमके काय टिपायचे असते हे पाहिले, म्हणजे तो कोणत्या वर्गातला आहे याचा निकाल लागतो.

सासनकाठी ही त्या यात्रेची खूण. उंच बांबूची, रंगीत कापडाने सजवलेली काठी, बहुधा तीस फुटांहून उंच. एक माणूस ती पेलून नाचवतो आणि तिला बांधलेल्या दोऱ्या, ज्यांना तोरण्या म्हणतात, चहूबाजूंनी इतरजण ताणून धरतात. मानाच्या काठ्यांत पहिला मान सातारा जिल्ह्यातील पाडळीच्या काठीचा. गुलालाच्या लोटात काठी डोलते, थबकते, पुन्हा उचलते. मागून यमाईच्या भेटीला निघालेली पालखी असते. ज्याने हे पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की काठीची चाल पेलणाऱ्याच्या एकट्याच्या हाती नसते. तोरण्या धरणारे ती सतत दुरुस्त करीत असतात. कोणाचा दोर किती सैल सोडायचा हे ठरवायला वेळ नसतो, ते हाताला कळते. आता या दृश्यासमोर एकटा माणूस कॅमेरा घेऊन उभा आहे अशी कल्पना करावी.

'एकटा चित्रणकार' हा आपल्याकडे नवा प्राणी नाही. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले. कुस्ती हा विषय निवडण्यात व्यावहारिक शहाणपण होते: पैलवान आखाड्याबाहेर जात नाहीत, म्हणून कॅमेऱ्याला हलण्याचे कारण पडत नाही. जगभरच्या आरंभीच्या चित्रपटांत हे दिसते. यंत्र जड, तिवई पक्की आणि हँडल फिरवण्यात उजवा हात गुंतलेला. चित्रणकाराला हलायला शरीरच शिल्लक नसे. म्हणून हलायचेच झाले तर तो हलत्या वस्तूवर बसे. ल्युमिएर कंपनीच्या प्रोमियोने १८९६ मध्ये व्हेनिसच्या कालव्यातील होडीत कॅमेरा ठेवला, आणि कॅमेऱ्याच्या चालीच्या इतिहासात हेच उदाहरण आरंभी दिले जाते. वल्हवणाऱ्याचे नाव त्यात नसते.

दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण आमच्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर १९१२ साली त्यांनी 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट घेत रोपाची महिनाभराची वाढ पडद्यावरच्या मिनिटभरात आणली. आज या कामासाठी कळ दाबली की यंत्र रात्रभर आपले आपण चित्रे घेत राहते. फाळक्यांच्या घरी घड्याळ आणि माणूस मिळून ते यंत्र झाले होते. आणि तो माणूसही एकटा नव्हता. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडीत, ती धुवीत. फिल्म दातेरी चाकावर चढते ती या भोकांच्या आधारे. ती चुकली तर पडद्यावरचे चित्र थरथरते. स्थिर चित्राचा पाया अंधाऱ्या खोलीत एका गृहिणीच्या हातांनी घातला गेला, हे विधान भावुक वाटेल, परंतु ते यंत्रशास्त्राचे विधान आहे.

आता कोल्हापूर. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू मूळचे मिस्त्री. नावांचा हा प्रवास मराठीच्या विद्यार्थ्याने जरा थांबून पाहावा असा आहे: मिस्त्री हे कारागिराचे नाव, पेंटर हे विलायती भाषेतून आलेले कलावंताचे. दोन्ही धंद्यावरून पडलेली. १९१० ते १९१६ च्या सुमारास ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत होते. रंगवलेला पडदा म्हणजे स्थिर चित्र. पण तो वर जातो, खाली येतो, त्याच्यामागे दुसरा उलगडतो आणि प्रेक्षक जागचा न हलता रानातून राजवाड्यात पोहोचतो. दृश्य सरकवून प्रेक्षकाला प्रवास घडवण्याची युक्ती या मंडळींच्या रोजच्या कामातली होती. कॅमेरा हलवणे हे त्याच युक्तीचे उलटे रूप, असे आम्हांला वाटते.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि पेंटर बंधूंना चित्रपटाचे वेड लागले. त्यांनी प्रोजेक्टर मिळवला. येथे कथेतला तांत्रिक गाभा आहे आणि सांगणारे नेमके तेथेच घाई करतात. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच कुळातली यंत्रे. फिल्म दोन्हींतही अखंड वाहत नाही. ती थांबत थांबत जाते. भिंगासमोर एक चौकट स्थिर राहते, झडप उघडते, मिटते. मग आकडी चार भोके खाली ओढते, म्हणजे फिल्म सुमारे १९ मिलिमीटर सरकते आणि पुन्हा स्थिर होते. हे एका सेकंदात सोळा वेळा. लुई ल्युमिएरला यातली ओढून थांबण्याची कल्पना शिवणयंत्रावरून सुचली, असे तो सांगत असे. शिवणयंत्रातही कापड टाक्याटाक्याने सरकते. ज्याने प्रोजेक्टर उघडून ही थांबती चाल समजून घेतली त्याला कॅमेऱ्याचा निम्मा धडा मिळाला. उरलेला निम्मा मात्र कठीण असतो: उजेड आत शिरता कामा नये, फिल्म भिंगापासून केसभरही पुढेमागे होता कामा नये आणि दात्यांना खेळ असता कामा नये.

आनंदराव या कॅमेऱ्याच्या मागे होते. १९१६ साली त्यांचे निधन झाले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून काम तडीस नेले आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा सिद्ध झाला. म्हणजे 'बाबूरावांचा कॅमेरा' असे आपण म्हणतो त्यात एका मृत भावाची सुरुवात आणि एका तरुण शिष्याची शेवटची कानस आहे. दामल्यांचे पुढे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे: १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या 'प्रभात'चे ते एक भागीदार, आणि फत्तेलाल यांच्यासह १९३६ च्या 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक. त्या चित्रपटातल्या चमत्कारदृश्यांचे कौतुक करताना या माणसाने तरुणपणी कॅमेऱ्याचे पोट आतून घडवले होते याची आठवण क्वचितच कोणी काढतो. आम्हांला ती महत्त्वाची वाटते. ज्याने यंत्र बांधले आहे तो त्याला भीत नाही.

'घरगुती' या विशेषणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कच्ची फिल्म तेव्हा भारतात बनतच नव्हती. त्यासाठी स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० सालची. तेव्हा कोल्हापूरचा कॅमेरा स्वदेशी होता तो त्याच्या अंगाने आणि चालीने. त्याच्या पोटात जाणारे अन्न परदेशी होते. यात उणेपणा मुळीच नाही. उलट, कशाची नक्कल करता येते, काय विकतच घ्यावे लागते आणि कशासाठी आपल्या गावचा लेथ पुरे पडतो, याची जाण म्हणजेच कारागिरी. पैशाची बाजूही अशीच विसरली जाते. महाराष्ट्र फिल्म कंपनीमागे तानीबाई कागलकर या गायिकेचे आर्थिक बळ होते. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात कंपनीचा 'सैरंध्री' प्रदर्शित झाला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, हे पुस्तकांत नोंदलेले आहे. कॅमेऱ्यामागचा पैसाही एका स्त्रीचा होता, हे तळटिपेत जाते.

त्या काळच्या कॅमेऱ्याला मोटर नव्हती. हँडलच्या एका फेऱ्यात साधारणपणे आठ चौकटी. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा. हा वेग चित्रणकाराच्या मनगटात असे आणि तो चुकू नये म्हणून कोणी मनातल्या मनात अंक मोजी, कोणी एखादी चाल गुणगुणे. हजार फुटांच्या रिळात सोळा हजार चौकटी. सलग फिरवले तर सुमारे साडेसोळा मिनिटांचे मनगटाचे काम. पण याच हाताला एक मुभा होती. पाठलागाच्या दृश्यात जरा सावकाश फिरवले की पडद्यावर घोडे अधिक धावत. शोकाच्या दृश्यात जरा जलद फिरवले की हालचाल जडावे. समोर काय घडते आहे ते पाहून हात बदलत असे. मूकपटातल्या काळाला जी लवचिकता होती ती या मनगटाची देणगी होती. मूकपट आज पाहताना सगळेजण उगाच तुरुतुरु चालतात असे वाटते; तो दोष बहुधा चुकीच्या वेगाने दाखवण्याचा असतो, फिरवणाऱ्याचा नव्हे.

कॅमेऱ्याच्या बाहेरच्या चालीकडे कोल्हापूर थोडे उशिरा वळले. इटलीत जोव्हान्नी पास्त्रोनेने 'काबिरिया'त (१९१४) कॅमेरा गाड्यावरून सरकवला होता. जर्मनीत मुर्नाऊच्या 'द लास्ट लाफ'मध्ये (१९२४) कार्ल फ्रॉइंडने तो छातीला बांधून घेतला. आपल्याकडे ट्रॉलीच्या वापराचे श्रेय चित्रपटेतिहासकार व्ही. शांताराम यांच्या 'चंद्रसेना'ला (१९३१) देतात. तो 'प्रभात'चा कोल्हापुरातला मूकपट. बाबूरावांच्या कंपनीत १९२० च्या सुमारास उमेदवारी करायला आलेल्या मुलाने दहा-अकरा वर्षांत कॅमेऱ्याला चाके लावली, असा हा क्रम आहे. ट्रॉली म्हटली की ती ढकलणारा आला. नट कोणत्या शब्दावर उठणार हे त्याला पाठ असावे लागते. सुरुवात कळू नये इतकी हळू करायची आणि थांबताना धक्का बसू द्यायचा नाही, ही कला पुस्तकात शिकता येत नाही. श्रेयनामावलीत त्याला जागा नव्हती. चित्रणकाराचे नाव आहे, त्याचे नाही.

मग आवाज आला. 'आलम आरा' १९३१ चा, 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. बोलपटात चित्र आणि ध्वनी एकाच वेगाने धावले पाहिजेत, म्हणून सेकंदाला चोवीस चौकटींचा नेम ठरला आणि हँडलच्या जागी मोटर बसली. चित्रणातले पहिले मोठे स्वयंचलन ते हेच. त्याने उजवा हात मोकळा केला खरा, पण मनगटाची मुभा काढून घेतली. शिवाय कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो पेटीत कोंडला गेला आणि नुकताच चालू लागलेला पुन्हा जागी बसला. यंत्र आले म्हणजे मोकळीक येते असा सरळ हिशेब मांडणाऱ्यांनी ही चार-पाच वर्षे तपासावीत.

पुढची वाट सर्वांच्या परिचयाची आहे. गॅरेट ब्राउनचे स्टेडीकॅम १९७० च्या दशकाच्या मध्यावर आले आणि चालत्या माणसाच्या अंगावरचा कॅमेरा तरंगू लागला. 'स्टार वॉर्स'साठी (१९७७) जॉन डायकस्ट्राच्या चमूने संगणकाच्या साह्याने कॅमेऱ्याची तीच हालचाल हुबेहूब पुन्हापुन्हा करवून घेतली. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनो हा स्वस्त नियंत्रक तयार झाला आणि जे काम स्टुडिओचे होते ते घरातल्या टेबलावर आले.

म्हणून आता जोतिबाचा आराखडा. अ‍ॅल्युमिनियमचा ८० सेंटिमीटरचा रूळ, त्यावर कॅमेऱ्याची छोटी गाडी, दातेरी पट्टा आणि स्टेपर मोटर. ही मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे सोळा भाग करतो, म्हणजे ३,२०० सूक्ष्म पावले. वीस दात्यांची पुली आणि २ मिलिमीटरचा दाता घेतला तर एका फेऱ्यात गाडी ४० मिलिमीटर जाते. मिलिमीटरला ८० पावले पडतात. पूर्ण रूळ चाळीस सेकंदांत ओलांडायचा तर ६४,००० पावले, सेकंदाला १,६००. थांबत थांबत जाण्याची चाल येथेही तीच आहे. फक्त सेकंदाला सोळाच्या ठिकाणी सोळाशे थांबे आहेत, म्हणून डोळ्याला ते सलग वाटते. आरंभी आणि अखेरीस दोन-दोन सेकंद वेग हळूहळू चढवायचा आणि उतरवायचा असे आज्ञावलीत लिहिले, की ट्रॉली ढकलणाऱ्याच्या कलेची एक ढोबळ प्रत मिळते.

डोंगर आहे, म्हणून उतार आहे. पट्ट्यावरची गाडी वीज जाताच घसरते. दोन किलोचा ऐवज खाली आपटला म्हणजे यात्रा तेथेच संपली. बारीक आट्यांचा स्क्रू घातला तर वीज गेली तरी गाडी जागची हलत नाही, पण चाल फार मंद होते. आमचे मत असे, की पायऱ्यांवर रूळ तिरका लावण्याचा मोह सोडावा, तिवई समपातळीत लावावी आणि पट्टाच वापरावा. गुलालाचा विचार तर आधी करावा. ती भुकटी उघड्या बेअरिंगात शिरली की चाल खरखरीत होते. म्हणून सीलबंद बेअरिंग, रुळावर कापडी झाकण आणि नियंत्रकाला घट्ट डबा. पुली किंवा कंस हवा तसा करून घ्यायचा तर शिवाजी उद्यमनगरात लेथ आहेत. बाबूरावांच्या गावात निदान ही अडचण पडू नये.

खरी अडचण काठीची. दहा मीटरवरून दहा मीटर उंचीची काठी बुडख्यापासून शेंड्यापर्यंत पाहायची तर कॅमेऱ्याला मान सुमारे ४० अंश वर करावी लागते. मोटरला एकास पाच गिअर लावला तर अंशाला साधारण ४४ पावले. सगळी उचल १,८०० पावलांच्या आत बसते. सहा सेकंदांत हे सहज होते. पण काठी सहा सेकंदांत उचलली जाईल असे कोणी सांगितले आहे? पेलणारा मध्येच थबकतो, तोरणी ओढली जाते, काठी झुकते, लोक ओरडतात, आणि आज्ञावलीतला कॅमेरा शांतपणे मोकळ्या आकाशाकडे मान वळवून मोकळा होतो. लग्नाच्या चित्रफितींत जी संथ, तेलकट सरक असते ती यात्रेला लावली की दख्खनच्या राजाचा सोहळा एखाद्या दुकानाच्या जाहिरातीसारखा दिसू लागतो, हे आम्ही अनेक फितींत पाहिले आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने तो सौंदर्याचा प्रश्न नाही, साक्षीचा आहे. थबकणे हा त्या विधीचा भाग आहे. यंत्राने ते गुळगुळीत केले तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती चुकीचा पुरावा जातो.

यावर आमच्यात मतभेद झाले. काहींच्या मते काठीचा माग काढणारी आज्ञावली वापरावी. फोनमधले कॅमेरे चेहऱ्यांचा माग काढतातच. परंतु गुलालाच्या धुरळ्यात आणि शेकडो काठ्यांच्या गर्दीत कोणती काठी आपली हे यंत्राला कोण सांगणार? शेवटी ठरले ते असे: रुळाची सरक मोटरकडे, कारण ती संथ आणि एकसारखी चालते; मानेची उचल मात्र एका गोल खुंटीकडे. ही खुंटी बोटांनी फिरवायची. जितकी फिरवाल त्या वेगाने मान उचलेल, सोडली की थांबेल. मोटर तेथेही आहेच, पण पावले केव्हा टाकायची हे ती ठरवत नाही. खुंटी कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूला, हँडल असे त्याच जागी बसवायची आहे, आणि तिला इतका जडपणा ठेवायचा आहे की गर्दीचा धक्का लागून ती आपोआप फिरू नये.

एक गोष्ट आराखड्यात बसत नाही. रुळाच्या दोन्ही टोकांना, काठीमागून पुढे सरकणाऱ्या लोकांना बाजूला करायला, कोणीतरी उभे राहावेच लागते. आणि बॅटऱ्यांची पिशवी नारळ-गुलालाच्या एखाद्या दुकानात ठेवावी लागते. त्या दोघा-तिघांची नावे विचारून वहीत लिहायची आणि फितीच्या अखेरीस घालायची, एवढे आम्ही चित्रणाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगून ठेवले आहे. त्यांनी मोटरच्या खर्चाशेजारीच त्यासाठी एक रकाना आखला आहे.